दगडातला माग आणि आघाताचा दाब



या व्याख्यानमालेत विज्ञानाचा विषय आला की बहुधा आकाशातल्या मोठ्या गोष्टी येतात. मी आज आणलेला विषय फार लहान आहे. माणसाच्या केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा, एवढ्या लांबीचे ओरखडे खनिजांत आणि काचांत आपोआप पडत असतात. त्यांच्यावर उष्णतेचा काय परिणाम होतो हे चांगलं माहीत आहे. प्रश्न दाबाचा आहे, आणि तोही साध्या दाबाचा नव्हे. उल्का जमिनीवर आदळते तेव्हा क्षणभर जो दाब येतो, त्याचा. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी आहे, त्या सरांनी आयुष्यभर भूविज्ञान शिकवलं आणि विद्यार्थ्यांना लोणारचं उल्काविवर दाखवलं. त्यांच्या स्मृतीला धरून बोलायचं तर हा विषय मला योग्य वाटला.

आधी हे ओरखडे म्हणजे काय ते पाहू. अॅपेटाइट, झिरकॉन, स्फीन अशा खनिजांत थोडं युरेनियम अडकलेलं असतं. अॅपेटाइटमध्ये दहा लाखांत काही भाग, झिरकॉनमध्ये बरंच जास्त. युरेनियम-२३८ चा अणू बहुतेक वेळा अल्फा कण टाकून विघटित होतो. क्वचित मात्र तो कुणी न छेडता सरळ दुभंगतो. फ्लेरोव्ह आणि पेत्रझाक या रशियन शास्त्रज्ञांनी हे १९४० मध्ये दाखवलं. विश्वकिरणांचा उपद्रव नको म्हणून त्यांनी आपली उपकरणं मॉस्कोच्या मेट्रोच्या दिनामो स्थानकात, जमिनीखाली नेली होती. ही घटना किती दुर्मीळ? साधारण अठरा लाख अल्फा-विघटनांमागे एक दुभंग. केवळ या वाटेनं युरेनियम निम्मं व्हायचं तर सुमारे ८,२०० लाख कोटी वर्षं लागतील. तरी खडकांकडे वेळ भरपूर असतो आणि अणूही भरपूर असतात, म्हणून मोजण्याइतके दुभंग साठतात.

दुभंगलेल्या केंद्रकाचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध दिशेनं सुटतात. ते जड असतात, विद्युतभारित असतात आणि वाटेत भेटणाऱ्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातात. सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास सगळा खेळ संपतो. मागे राहतो काही नॅनोमीटर रुंदीचा आणि अॅपेटाइटमध्ये सुमारे १६ मायक्रोमीटर लांबीचा एक पट्टा. त्यात स्फटिकाची अणुरचना विस्कटलेली असते. आमचे लोक याला फिशन ट्रॅक म्हणतात. मी माग म्हणेन. हा माग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. स्फटिक घासून, चमकवून सौम्य नायट्रिक आम्लात काही सेकंद बुडवला की विस्कटलेला भाग शाबूत भागापेक्षा लवकर विरघळतो, मागाची नळी रुंद होते आणि मग ती मोजता येते. अभ्रकाला आणि काचेला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. झिरकॉन हट्टी, त्याला वितळलेल्या अल्कलीत तासन् तास ठेवावं लागतं.

हे सगळं गवसलं ते तुकड्यातुकड्यानं. इंग्लंडमधल्या हारवेल इथे डी. ए. यंग यांनी १९५८ मध्ये लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकात असे माग आम्लानं उघडे केले. पुढच्याच वर्षी तिथल्याच सिल्क आणि बार्न्स यांनी अभ्रकातले माग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पण या शोधाचं शास्त्र झालं ते अमेरिकेत, स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत. रॉबर्ट फ्लायशर, बुफर्ड प्राइस आणि रॉबर्ट वॉकर या तिघांनी दहा-बारा वर्षांत या विषयाचा पाया रचला. दिवे आणि टर्बाइन विकणाऱ्या कंपनीनं आपल्या माणसांना उल्कापाषाण घासत बसू दिलं, हे आजच्या हिशोबी काळात अविश्वसनीय वाटतं.

माग मोजले आणि युरेनियम किती आहे ते कळलं, की वय काढता येतं. पण कशाचं वय? इथेच घोळ होतो. स्फटिक तापला की विस्कटलेले अणू पुन्हा जागेवर येऊ लागतात, माग आखूड होतात आणि शेवटी नाहीसे होतात. अॅपेटाइटमधले माग तासाभरात पुसायचे तर साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. कोटीभर वर्षं हाताशी असली तर ११०-१२० अंश पुरतात. झिरकॉनला दोनशेच्या बरंच वर जावं लागतं. तेव्हा मागांवरून काढलेलं वय म्हणजे खडक त्या तापमानाच्या खाली शेवटचा कधी आला, त्याचं वय. भूशास्त्रज्ञांनी या अडचणीचा फायदा करून घेतला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावरच्या प्राचीन खडकांतले अॅपेटाइट घेऊन १९९३ आणि २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हा किनारा कधी व किती झिजला याचा अंदाज बांधला. वरचा थर झिजला की खालचा खडक पृष्ठभागाजवळ येतो, निवतो आणि माग टिकवू लागतो. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांविषयी बोलताना हा पुरावा आता टाळता येत नाही.

काचेत गोष्ट थोडी वेगळी आहे. काच मुळातच अव्यवस्थित असते. अव्यवस्थेत आणखी अव्यवस्था झाली तर फरक कमी पडतो. आम्ल मागात जितक्या वेगानं उतरतं त्याच्या जवळपासच्या वेगानं बाकीची काचही खात जातं. त्यामुळे टोकदार नळीऐवजी गोल वा लंबगोल खळगा मिळतो. काचेतले माग स्फटिकांतल्यापेक्षा लवकर विरतात. उन्हातान्हात पडलेल्या काचेत लाखो वर्षांत नुसत्या हवामानाच्या उष्णतेनंही खळगे लहान होतात. हायडेलबर्गच्या श्टोर्त्सर आणि वाग्नर यांनी १९६९ मध्ये यावर तोडगा सुचवला. खळग्यांचा आकार किती घटला ते मोजायचं आणि त्यावरून किती माग हरवले ते भरून काढायचं. तोडगा चांगलाच आहे. मात्र त्यात एक गृहीत दडलेलं आहे, की माग हरवले ते उष्णतेनंच. तेच गृहीत आज मला तपासायचं आहे.

फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी १९६५ मध्ये तापमान, दाब आणि आयनीभवन या तिन्हींचा मागांवरचा परिणाम एकत्र तपासला. निष्कर्ष असा, की खरी सत्ता तापमानाची. दाबाचा वाटा किरकोळ. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं सगळ्यांनी हे मान्य करून कामं केली. २००२ मध्ये वेंट, विडाल आणि चॅडरटन यांनी प्रयोगांवरून असा दावा केला, की दाबाखाली अॅपेटाइटमधले माग पुसले जाण्याचा वेग मंदावतो. लगेच पुढच्या वर्षी कोन, ग्लीडो, ग्रीन आदी मंडळींनी त्याला जोरदार हरकत घेतली. त्यांची काळजी रास्त होती: तेलाच्या शोधासाठी आणि पर्वतांच्या इतिहासासाठी शेकडो ठिकाणी वापरलेली मापनं दाब बाजूला ठेवून केलेल्या प्रयोगांवर उभी होती.

माझं मत विचाराल तर पृथ्वीच्या पोटात हा वाद फारसा पेटतच नाही. साधा हिशोब करा. खोलीनुसार तापमान किलोमीटरमागे २५-३० अंशांनी वाढतं. म्हणजे अॅपेटाइटमधले माग तीन-चार किलोमीटरच्या खाली टिकतच नाहीत. तिथे दाब किती? गिगापास्कलचा दहावा भाग. एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणांचा दाब, आणि तो गाठायला पस्तीसेक किलोमीटर खाली जावं लागतं. तिथे पोचेपर्यंत उष्णतेनं माग केव्हाच पुसलेले असतात. दाबाला आपली करामत दाखवायची संधीच मिळत नाही. निसर्गात थंड खडकावर एकाएकी प्रचंड दाब येतो तो एकाच प्रसंगी, आकाशातून काही आदळलं तर. म्हणून दाबाचा प्रश्न विचारायचा असेल तर आघाताकडेच जावं लागतं.

आणि आघाताकडे गेलं की प्रश्न बदलतो. आघात-तरंग म्हणजे नुसता मोठा दाब नव्हे. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं: लोखंडी खिळा व्हाइसमध्ये आवळून ठेवला तर तो गार राहतो, तोच ऐरणीवर ठेवून हातोड्यानं ठोकत राहिलात तर हात लावू देत नाही. एकोणिसाव्या शतकात रँकिन आणि ह्युगोनिओ यांनी याचं गणित मांडलं. आघाताचा तरंग पदार्थातून ध्वनीपेक्षा वेगानं जातो. त्याच्या आघाडीवर पदार्थ एका उडीत दाबला जातो आणि त्या उडीत पदार्थावर जेवढं काम होतं तेवढं दाब उतरताना परत मिळत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. तीस गिगापास्कलच्या आसपासचा आघात झाला तर घट्ट, छिद्र नसलेल्या खडकातही दाब उतरल्यावर काहीशे अंशांची उष्णता मागे राहते. खडक सच्छिद्र असेल तर छिद्रं मिटताना आणखी तापतो. शिवाय सगळे कण एकमेकांवरून सरकतात, स्फटिकाच्या जाळीत हजारो दोष पडतात, कुठे भेगा, कुठे कातरलेल्या पातळ्या. दाब, सरकणं आणि उष्णता ही तीन माणसं एकाच दारातून एकदम आत आलेली असतात. नंतर घरातलं सामान विस्कटलेलं दिसलं, तर कोणी विस्कटलं हे कसं सांगायचं?

प्रयोगशाळेत हे कसं तपासतात ते थोडक्यात सांगतो. गॅस गन नावाची लांब नळी असते; तिच्यात दाबलेल्या वायूनं एक धातूची चकती वेगानं सोडतात. नमुना पोलादाच्या डबीत बंद केलेला असतो. सेकंदाला एक किलोमीटर वेगानं पोलादी चकती ग्रॅनाइटवर आदळली तर सुमारे दहा गिगापास्कल दाब येतो. तो टिकतो मायक्रोसेकंदाच्या आसपास. मग डबी कापून नमुना काढायचा आणि आम्लात टाकायचा. अशी तोफ आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही आहे, मात्र तिचा उपयोग मुख्यतः पदार्थांच्या दाबाखालच्या वागणुकीसाठी झाला.

मागांच्या बाबतीतला मूळ प्रयोग १९७० चा. कॅल्टेकचे थॉमस अहरेन्स हे आघात-भौतिकीतलं मोठं नाव. त्यांनी फ्लायशर, प्राइस आणि वुड्स यांच्याबरोबर काचा व सिलिकेट खनिजांमधले माग आघात-तरंगांखाली घातले. उत्तर स्पष्ट आलं: आघातानं माग पुसले जातात. पाचच वर्षांपूर्वी स्थिर दाबाला किरकोळ म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघे या निबंधाचे लेखक आहेत. त्यांनी मत बदललं असं नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, आणि माझ्या मते ते तसेच आहेत. स्थिर दाबाखाली अणूंना हलायला जागा कमी होते. विस्कटलेला अणू मूळ जागी परतायचा तर त्याला शेजाऱ्यांना थोडं बाजूला सारावं लागतं, आणि दाब ते होऊ देत नाही. म्हणजे नुसता दाब झाला तर मागाचं रक्षणच करेल. आघात मात्र शेजाऱ्यांनाच हलवतो.

इथे ‘पुसला’ या दाव्याकडे जरा संशयानं पाहायला हवं. माग आम्हाला दिसतो तो आम्लामुळे. आम्लाला पृष्ठभागापासून सलग वाट मिळाली तर नळी उघडते. आघातानं स्फटिक कातरला गेला आणि एका सरळ मागाचे चार तुकडे इकडेतिकडे सरकले, तर आम्ल पहिल्या तुकड्याशीच अडकतं. विस्कटलेले अणू अजून तिथेच असतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली माग आखूड दिसतो किंवा दिसतच नाही. उष्णतेनं भरून आलेला माग आणि आघातानं तुटलेला माग, या दोन वेगळ्या गोष्टी आम्लाला सारख्याच वाटतात. उलटाही धोका आहे. आघातानं स्फटिकात पडलेले दोषही आम्लात खळगे देतात, आणि घाईनं मोजणाऱ्याला तेही माग वाटू शकतात. काचेच्या बाबतीत आणखी एक भर: जोरदार आघातानं सिलिका काच कायमची घट्ट होते आणि घट्ट झालेल्या काचेला आम्ल वेगळ्या वेगानं खातं. म्हणजे मोजपट्टीच बदलते. आघात झालेल्या नमुन्यांत मागांची नुसती संख्या देणाऱ्या कोष्टकावर माझा विश्वास बसत नाही. लांबी किती, दिशा कोणत्या, नळीचं टोक बोथट की धारदार, हे सांगितलं तरच ते मोजमाप काही कामाचं.

प्रयोगशाळेची दुसरी मर्यादा वेळेची. साठ-सत्तर मीटरची उल्का सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं आदळली तर दाब काही सहस्रांश सेकंद टिकतो. तोफेतल्या आघातापेक्षा हजारो पट जास्त. शिवाय पोलादी डबीत तरंग पुढे-मागे आपटत दाब पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. पायऱ्यांनी चढलेला दाब एका उडीत चढलेल्या तेवढ्याच दाबापेक्षा कमी उष्णता सोडतो. म्हणून प्रयोगशाळेतले तीस गिगापास्कल आणि उल्काविवरातले तीस गिगापास्कल हे एकच, असं धरून चालत नाही.

मग अधलंमधलं काही आहे का? आहे, पण त्याचं नाव घेताना बरं वाटत नाही. अमेरिकेतल्या नेवाडा चाचणीक्षेत्रात १५ फेब्रुवारी १९६२ रोजी ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकात हार्डहॅट नावाचा भूमिगत अणुस्फोट झाला, ५.७ किलोटनांचा. त्याच वर्षी ६ जुलैला सेडान नावाचा १०४ किलोटनांचा स्फोट झाला. तो मऊ, सच्छिद्र गाळात सुमारे १९४ मीटर खोल होता. अणुस्फोटांनी बंदरं आणि कालवे खणता येतील, अशी त्या काळी खुळी कल्पना होती. सेडान त्याच योजनेचा भाग. त्यानं सुमारे ३९० मीटर रुंद आणि शंभर मीटर खोल खड्डा पाडला आणि किरणोत्सारी धूळ दूरवर पसरवली. बंदर झालं नाही. पण भूशास्त्रज्ञांच्या हाती दोन स्फोटस्थळं अशी आली, की ज्यांचं वय मिनिटापर्यंत ठाऊक, स्फोटाची ताकद ठाऊक, आणि नमुना केंद्रापासून किती दूर होता त्यावरून दाब काढता येतो. फ्लायशर, वुड्स, हार्ट, प्राइस आणि शॉर्ट यांनी तिथले अॅपेटाइट आणि स्फीनचे स्फटिक घेऊन १९७४ मध्ये निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न मागांवरून काढलेल्या वयावर आघाताचा काय परिणाम होतो, हा होता. एक घट्ट खडक, एक सच्छिद्र गाळ. एकाच दाबाला दुसऱ्यात कितीतरी जास्त उष्णता. आघाताचं आणि उष्णतेचं काम वेगळं करायला याहून चांगली जोडी मिळणं कठीण. शिवाय स्फोट आणि अभ्यास यांच्यात गेलेली वर्षं मोजकी, त्यामुळे सावकाश पुसण्याचा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो.

हा प्रश्न एवढा जिव्हाळ्याचा का झाला, याचं उत्तर उल्कापाषाणांत आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. सूर्यमाला तयार होत असताना प्लुटोनियम-२४४ अस्तित्वात होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षं. म्हणजे ते आता संपून गेलं. पण त्याच्या दुभंगाचे माग उल्कापाषाणांत उरले आहेत, हे फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी १९६५ मध्ये दाखवलं. मागांची संख्या खनिजाखनिजांत किती वेगळी आहे त्यावरून उल्केचा मूळ ग्रह किती सावकाश निवला हे काढता येतं. आता गोम पाहा. ग्रहकांच्या टकरीत आघातानं काही माग पुसले गेले असतील, तर माग कमी दिसतात, आणि माग कमी म्हणजे निवणं संथ, असा अर्थ लावला जातो. एक टक्कर संथ निवण्याचं सोंग घेते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटानं साठच्या दशकात या मागांचा वेगळाच उपयोग केला. विश्वकिरणांतली जड केंद्रकंही उल्कापाषाणांत माग सोडतात. लाल, राजन आणि ताम्हणे यांनी १९६९ मध्ये त्या मागांवरून विश्वकिरणांची घडण कशी आहे ते मांडलं. ऑलिव्हिन या खनिजातले माग उघडे करणं तेव्हा अवघड होतं. कृष्णस्वामी, लाल, प्रभू आणि ताम्हणे यांनी १९७१ मध्ये त्यासाठी एक रासायनिक मिश्रण शोधून काढलं, आणि ते जगभर वापरलं गेलं. अपोलो मोहिमांनी आणलेली चंद्राची मातीही या गटाकडे अभ्यासाला आली होती. चंद्राच्या मातीतला प्रत्येक कण लहानमोठ्या आघातांतून गेलेला असतो. त्यामुळे मागांनी गच्च भरलेले कण आणि मागच नसलेले कण शेजारीशेजारी सापडतात. ज्या कणांत माग नाहीत ते कोवळे, की आघातात धुऊन निघालेले? हा प्रश्न तिथे प्रत्येक नमुन्यापुढे उभा राहतो.

आता आपल्या अंगणात येऊ. लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद, दख्खनच्या बेसॉल्टमध्ये. बेसॉल्टमध्ये एवढं शाबूत विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक इथे येतात. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केली आणि नंतर दीडशे वर्षं ते ज्वालामुखीचं की उल्केचं यावर वाद चालला. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी तळातल्या वेधनांतून आलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट दाखवलं आणि वाद मिटला. मॅस्केलिनाइट म्हणजे आघातानं काच झालेलं फेल्डस्पार. ते वितळून काच झालेलं नसतं. स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो आणि आतली जाळी कोसळलेली असते. मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतात पडलेल्या उल्केत. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटी इथे पडलेल्या पाषाणात चेर्माक यांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो पाषाण मंगळावरचा होता, हे शंभरेक वर्षांनी कळलं.

मॅस्केलिनाइटमध्ये जुना माग टिकण्याचा प्रश्नच नाही. आजूबाजूची जाळीच गेली, तर तिच्यातला ओरखडा कुठे राहणार? आघातानंतर मात्र ती काच नव्यानं माग साठवू लागते. म्हणजे निदान या एका पातळीवर, तीसेक गिगापास्कलच्या आसपास आणि वर, उत्तर निःसंदिग्ध आहे. किफर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लोणारच्या बेसॉल्टची आघातानुसार वर्गवारी केली. ८० गिगापास्कलच्या पुढे पूर्ण खडकच वितळलेला दिसतो. संदिग्धता आहे ती खालच्या टप्प्यात, जिथे स्फटिक स्फटिकच राहतो, थोडा जखमी होतो, थोडा तापतो, आणि माग निम्मेच राहतात. असे निम्मे माग मोजून काढलेलं वय ना मूळ खडकाचं असतं ना आघाताचं. ते मधलंच, कशाचंही नसलेलं वय असतं.

लोणारच्या वयाचा घोळ सर्वांना ठाऊक आहे. सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी १९९७ मध्ये उष्मादीप्तीनं, म्हणजे खनिजांच्या दोषांत अडकलेले इलेक्ट्रॉन तापवून सोडवल्यावर पडणाऱ्या प्रकाशावरून, वय ५२ हजार वर्षं काढलं. जुर्दां आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीनं ते ५ लाख ७० हजार वर्षं काढलं, त्रुटी ४७ हजारांची. दहापटींचा फरक! पहिली पद्धतही किरणोत्सारानं झालेल्या नुकसानीवरच चालते, आणि साठलेले इलेक्ट्रॉन काळाच्या ओघात गळत असतील तर वय कमी दिसतं. मला दुसरा आकडा जास्त पटतो. मागांची पद्धत इथे मदतीला का येत नाही? बेसॉल्टमध्ये युरेनियम दहा लाखांत एका भागाहूनही कमी. अर्धा भाग धरून मी ढोबळ हिशोब केला. पावणेसहा लाख वर्षांत काचेच्या एका चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावर शंभराच्या घरात माग येतात, बावन्न हजार वर्षांत दहाएक. आघातात बनलेल्या काचेत बुडबुडे असतात, आणि त्यांच्या गर्दीत हे मोजके खळगे शोधायचे. काम अशक्य नाही, पण कुणाची तरी दृष्टी पणाला लागेल.

जिथे युरेनियम पुरेसं आहे आणि काच पूर्ण वितळून बनली आहे तिथे मागांनी उत्तम काम केलं आहे. जर्मनीतलं रीस विवर २४ किलोमीटर रुंद. त्याच्या पूर्वेला बोहेमिया-मोराव्हियात सापडणारे हिरवट मोल्डावाइट हे त्याच आघातात उडालेल्या काचेचे थेंब. १९६० च्या दशकात फ्लायशर-प्राइस आणि हायडेलबर्गच्या गटानं मागांवरून दाखवलं, की विवर आणि हे दूरचे थेंब एकाच वेळचे. आज ते वय सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षं मानतात. तिथे पद्धत यशस्वी झाली, कारण वितळण्यानं जुने माग शंभर टक्के पुसले होते. गोंधळ अर्धवट पुसण्याचा असतो.

अलीकडे प्रश्नाला नवं वळण मिळालं आहे. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या जड आयनांच्या प्रवेगकावर ग्लासमाखर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हिऱ्यांच्या दोन टोकांत नमुना दाबून, दाब असतानाच, त्यातून वेगवान आयन सोडले. एकट्या दाबानं किंवा एकट्या आयनांनी न होणारे बदल दोघं एकत्र आल्यावर झाले. म्हणजे माग पडतो त्या क्षणी खडक दाबाखाली होता की नव्हता, यानंही फरक पडू शकतो. पृथ्वीच्या वरच्या थरांत तो फरक नगण्यच असेल, असं मला वाटतं. खोल प्रावरणातल्या खनिजांबद्दल तसं म्हणायची माझी तयारी नाही.

माझा निष्कर्ष असा: आघातानं माग पुसतात, पण ते काम दाब करत नाही. दाब ज्या उष्णतेला आणि ज्या हालचालीला सोबत घेऊन येतो, ती दोघं करतात. बऱ्याच नमुन्यांत तर आघातानंतर कित्येक वर्षं गरम राहिलेल्या राडारोड्यानंच बहुतेक माग पुसलेले असतात आणि नाव आघाताचं होतं. म्हणून नमुना किती गिगापास्कल सोसून आला, एवढंच सांगून भागत नाही. तो कुठे पडला, कशाखाली गाडला गेला आणि किती दिवस तापलेला राहिला, हे ठाऊक हवं. ही माहिती सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही. ती दगड उचलला त्या जागी असते.

म्हणून शेवटी इथे बसलेल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांत, कपाटात, ‘लोणार’ एवढीच चिठ्ठी लावलेले दगड आहेत. ते आणणारे शिक्षक हयात असतील तोवर त्यांना भेटा; कडेवरून आणला, उतारावरून, की बाहेरच्या राडारोड्यातून, आणि साधारण कोणत्या वर्षी, हे विचारा आणि चिठ्ठीवर लिहा. नवे दगड मात्र आणू नका. लोणार संरक्षित क्षेत्र आहे, आणि कपाटांत आहेत तेवढ्यांचाच अभ्यास अजून व्हायचा आहे.